मॅगझीनला पाय लागला

आतोबांनी माझ्यासाठी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं पिस्तूल केलं होतं, ते अजून माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये लाटण्याच्या शेजारी पडलेलं आहे. मुठीवरचं पॉलिश केव्हाच उडालं. नळीच्या टोकाला हळदीचा डाग आहे, तो काही केल्या निघत नाही. पाहुणे यायचे असले की माझी मुलगी म्हणते, "आई, ते जरा आत टाक ना, बिट्टं, प्लीज." मी टाकत नाही. माझ्याकडे नववी पास झाल्याचासुद्धा कागद नाही. आयुष्यात जे काही धड शिकले त्याची सुरुवात त्या लाकडाच्या तुकड्यापासून झाली, मग ते कशाला लपवायचं?

माझी आत्या मिरजेला नर्सिंग शिकली आणि तिथून थेट जर्मनीत श्टुटगार्टच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. आमच्या घरात विमानात बसलेली ती पहिली. तिथे तिनं गाड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम करणाऱ्या एका उंच, अबोल माणसाशी लग्न केलं. माझ्या वडिलांनी त्यावर तिला तीन वर्षं पत्र लिहिलं नाही. मग ते दोघं एकदा मिरजेला आले. आमची पिठाची गिरणी तेव्हा बंद पडली होती. त्या गोऱ्या माणसानं शर्ट काढला, बनियनवर दोन दिवस गिरणीखाली पडून राहून बेअरिंग बदललं आणि पिठानं पांढरा झालेला बाहेर येऊन म्हणाला, "बस. झालं." त्या दिवसापासून ते आमचे जावई झाले. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात. त्यांना हे नाव इतकं आवडलं की परत गेल्यावर त्यांनी ते आपल्या नेमबाजीच्या क्लबातसुद्धा चालू केलं. त्यांचं खरं नाव हेल्मुट आहे हे क्लबातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

मी शाळा सोडली असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. मी शाळेतून उठून आले. नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर हातात पडला, पहिला प्रश्न वाचला, आणि अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली. मी हात वर केला, बाईंना म्हटलं बाथरूमला जाऊन येते. गेले ती परत आलेच नाही. दप्तर दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं आणून दिलं. वडील रागावले नाहीत. म्हणाले, "बरं. गिरणीवर बस." पाच वर्षं बसले. तिथे मला भीती वाटत नसे, कारण तिथले नियम साधे होते. पट्टा चालू असताना ओढणी कमरेला खोचायची. खुंटीवरचा टॉवेल पट्ट्याच्या बाजूला फिरकू द्यायचा नाही. आणि मापाला, चाळणीला, वजनाला पाय लागला तर लगेच वाकून हात लावायचा, कपाळाला न्यायचा. वडील म्हणायचे, "ज्यावर पोट चालतं त्याला लाथ मारून पुढं जायचं नसतं." हे इतकं अंगात मुरलं होतं की हाताला सांगावं लागत नसे. पाय लागला की हात आपोआप खाली जायचा.

मी एकोणीस वर्षांची असताना आत्यानं मला भाषेच्या कोर्सच्या निमित्तानं बोलावून घेतलं. त्सुफेनहाउझेनमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. पहिले सहा महिने मी नुसती घाबरलेली होते. इलेक्ट्रिक शेगडीची बटणं तीनदा तपासायची. दार लावलं की परत ढकलून बघायचं, जिना उतरून परत चढायचं. ट्रॅमचं तिकीट हातात घट्ट धरून बसायचं, त्याचा घामानं लगदा व्हायचा. आत्या म्हणायची, "अगं, शेगडी काय पळून जाणाराय का?" आतोबा बघत असत. आपण या दोघांचं खातो, त्यांच्या घरात झोपतो, आणि आपल्याला काहीच येत नाही, हे माझ्या मनात सारखं असायचं. भाकरी तेवढ्या चांगल्या यायच्या. आतोबा भाकरीबरोबर तिकडच्या, म्हणजे स्वाबियन पद्धतीची मसुराची उसळ खायचे, वर आत्याचा ठेचा. नाक पुसत पुसत म्हणायचे, "गूट. अजून."

त्या घरात आवाज फार. वर आत्याचा कुकर, आणि खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, आतोबांचं यंत्र. ते आपल्या गोळ्या स्वतः भरायचे. त्याचा परवाना त्यांच्याकडे होता. वापरलेली पितळी काडतुसं अक्रोडाच्या टरफलांच्या भुश्यात फिरून स्वच्छ व्हायची, त्याचा आवाज थेट चाळणीत ज्वारी फिरवल्यासारखा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी जिन्यावरच बसून राहिले. मग हँडल खाली ओढल्याचा खटका, वर गेल्याचा खटका, आणि तयार गोळी ट्रेमध्ये पडल्याचा बारीक टण्. दसऱ्याला आत्या खाली जाऊन त्या यंत्राला हळद-कुंकू लावायची. झेंडू तिथे महाग, म्हणून बाल्कनीतल्या कुंडीतली दोन फुलं. आतोबा बाजूला हात जोडून उभे. पिस्तूल मात्र तिजोरीतच. आत्या म्हणायची, "अहो, तेही आणा की वर." त्यावर ते म्हणायचे, "नाइन. ते पूजेला नाही, ते फक्त कुलपात." बायकोच्या देवापुढेही त्या माणसाचा नियम वाकत नसे. मला ते फार आवडायचं.

एका रविवारी आम्ही बाहेर पडत होतो. मी दार ढकलून बघितलं, दोन जिने उतरले, वर गेले, परत बघितलं. खाली आले तेव्हा आतोबा गाडीला टेकून आत्याला जर्मनमध्ये काहीतरी समजावत होते, आणि आत्या मराठीत ओरडत होती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"डोकं फिरलंय यांचं. म्हणतात, तुला क्लबात नेणार. पिस्तूल शिकवणार!" आत्या त्यांच्याकडे वळली. "अहो, ही पोरगी झुरळाला भिते!"

"गेनाऊ," आतोबा म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. मग माझ्यासाठी सावकाश, सोप्या जर्मनमध्ये बोलले. "ज्याला भीती वाटत नाही त्याला मी शिकवत नाही. ही तीन वेळा बघते. आम्हाला तीन वेळा बघणारेच पाहिजेत."

माझ्या तपासण्याचं कोणी कौतुक करण्याची ती पहिली वेळ.

क्लब जंगलाच्या कडेला होता. तिन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध, मधे सिमेंटची जमीन, वर लाकडी छप्पर. मला वाटलं होतं, एका जागी उभं राहून गोल निशाण्यावर नेम धरायचा. हा खेळ तसा नव्हता. इथे धावायचं असतं. आठ कोनांचे तपकिरी पुठ्ठे कुठे उघडे उभे, कुठे भिंतीमागे लपलेले. प्रत्येकावर दोन गोळ्या. मधूनच पांढरे पुठ्ठे, त्यांना लागली तर गुण कापले जातात. लोखंडी पाट्या लागल्या की पडायलाच हव्यात. कुठून सुरुवात, कुठे थांबायचं, कुठल्या खिडकीतून कुठला पुठ्ठा दिसतो, हे सगळं आधी रिकाम्या हातानं चालून बघायचं, मनात पाठ करायचं, आणि टायमरची पीप् वाजली की करून दाखवायचं. रांगोळीसारखं. ठिपके आधी, रेघ नंतर.

तिथल्या मुख्य रेंज ऑफिसर, म्हणजे टायमर हातात घेऊन नेमबाजाच्या पाठीशी उभं राहणाऱ्या आणि सुरक्षेसाठी जबाबदार असणाऱ्या बाई, फ्राउ ब्रेंडले. बारीक चणीच्या, पांढरे केस कानावर कापलेले. आतोबांनी ओळख करून देताना सांगितलं, "निवृत्त शिक्षिका. गणिताच्या." मी आतोबांच्या मागे सरकले.

फ्राउ ब्रेंडलेंनी पहिल्या दिवशी मला गोळी झाडू दिलीच नाही. नियम सांगितले, आणि तेच मला म्हणायला लावले. नळी कायम समोरच्या बांधाकडे, आपल्या दोन्ही खांद्यांच्या रेषेच्या मागे ती कधीच, कुठल्याही कारणानं जाता कामा नये. चालताना, मॅगझीन बदलताना बोट ट्रिगरच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असं सरळ. पिस्तूल हातातून पडलं तर उचलायचं नाही, ते ऑफिसर उचलते. यातलं एकही मोडलं तर त्या दिवसाचा खेळ संपला. वाद नाही, रडणं नाही, दुसरी संधी नाही. मला भीतीच्या ऐवजी हायसं वाटलं. हे तर गिरणीसारखंच होतं.

आज्ञा मात्र इंग्रजीत. माझी जर्मन तोडकीमोडकी, इंग्रजी तर त्याहून वाईट, आणि इथे "लोड अँड मेक रेडी", "आर यू रेडी", "स्टँड बाय". शेवटी पिस्तूल रिकामं करून दाखवून होल्स्टरमध्ये ठेवलं की "रेंज इज क्लिअर", म्हणजे आता सगळ्यांनी पुढे जायला हरकत नाही. मला आयुष्यात अस्खलित येणारं इंग्रजी तेवढंच. अजूनही एअरपोर्टवर कुणी "आर यू रेडी?" विचारलं की माझा हात कमरेकडे जातो.

आतोबांनी मला जुना पट्टा दिला. तो माझ्या कमरेला दोनदा फिरला असता. त्यांनी केलरमध्ये बसून त्याला नवी भोकं पाडली. होल्स्टर उजवीकडे, डावीकडे तीन मॅगझीनांचे खिसे. मॅगझीन म्हणजे गोळ्यांची पत्र्याची चपटी डबी. ती मुठीत खालून सारायची, रिकामी झाली की बटण दाबून जमिनीवर टाकायची आणि दुसरी सारायची. आतोबा म्हणाले, चारही डब्यांवर नंबर घाल. एखादी अडकायला लागली तर कुठली ते कळलं पाहिजे. मी आत्याच्या लाल नेलपॉलिशनं ठिपके दिले. एक ठिपका, दोन, तीन, चार. फार सुंदर दिसत होत्या. त्या जमिनीवर टाकायच्या ही कल्पनाच मला सहन होईना. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं आणि खाली पडायच्या आत डाव्या हातानं झेलली. फ्राउ ब्रेंडले म्हणाल्या, "हा सर्कशीचा क्लब नाही."

घरी सराव लाकडाच्या पिस्तुलावर. जेवणं झाली की टेबल बाजूला सरकवायचं, पडदे ओढायचे, फ्रिजवर आतोबांनी कापलेले तीन छोटे पुठ्ठे लावायचे. भिंतीवर मिरजेहून आलेलं गणपतीचं कॅलेंडर होतं. लाकडाचं असलं तरी पिस्तूल आहे, म्हणून ते मी आधी बेडरूममध्ये नेऊन ठेवायची. हात कमरेशी, मूठ नीट बसली पाहिजे, वर, डोळा नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, बोट हलकं. आतोबा खुर्चीत बसून टायमर वाजवायचे आणि त्यांच्याजवळचा मराठी शब्द वापरायचे, "हळू. हळू, नंदा. अजून हळू." शंभरदा हळू केल्यावर एक दिवस ते आपोआप लवकर व्हायला लागलं. कानाला टायमरची इतकी सवय झाली की एका सकाळी कुकरची शिट्टी वाजली आणि मी हातातलं लाटणं थेट फ्रिजवर रोखलं. आत्या दूध घ्यायला फ्रिज उघडत होती. "हँड्स अप करू का दूध देऊ?" ती म्हणाली, आणि दोघीही ओट्याला धरून हसलो. हळदीचा डाग त्याच काळातला. भाजी ढवळता ढवळता सराव.

माझे नेम चांगले पडायचे, सगळे मधल्या भागात. तरी क्लबातल्या सरावाच्या यादीत मी तळाला. फ्राउ ब्रेंडलेंनी एक फाटका पुठ्ठा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे मांडले. "या खेळात गुणांना सेकंदांनी भागतात. साठ गुण, तीस सेकंद. किती?" मला घाम फुटला. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "दोन," मी म्हटलं. "आणि पंचावन्न गुण, अकरा सेकंद?" मी बोटं मोजली. पाच. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "आल्झो, तर मग. आता तूच सांग, शंभर टक्के मधोमध मारण्यात तुझा किती वेळ जातो." भागाकार कशासाठी असतो हे मला विसाव्या वर्षी जंगलाच्या कडेला कळलं. तो पुठ्ठाही मी घरी नेला होता. आत्यानं चुकून रद्दीत दिला, त्याबद्दल मी तिला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

क्लबाच्या सामन्यांत खेळायचं तर आधी एक परीक्षा द्यावी लागायची. सकाळी नियमांचा लेखी पेपर, दुपारी प्रत्यक्ष मैदानावर एक चाचणी. परीक्षा हा शब्द ऐकल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. पण नाही म्हणवत नव्हतं. आतोबांनी सहा महिने रविवार घातले होते. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच हवी होती. ती बाथरूमला गेलेली मुलगी अजून परत आलेली नव्हती. तिला वर्गात आणून बसवायचं होतं.

आत्यानं पोळ्या लाटता लाटता नियमपुस्तक मला मराठीत समजावलं. शेगडीच्या शेजारी पुस्तक, पानांवर पीठ. "पिस्तूल आणि गोळ्या एकत्र कुठं हाताळायच्या नाहीत?"

"सेफ्टी एरियात."

"का?"

"तिथं ऑफिसर नसते. म्हणून तिथं गोळीला हात लावायचा नाही."

"शाब्बास. ही पोळी फुगली तर तू पास."

पोळी फुगली.

क्लबाच्या छोट्या खोलीत आम्ही पाच जण पेपरला बसलो. पानं उलटी ठेवलेली. "बिट्टं," फ्राउ ब्रेंडले म्हणाल्या, आणि मी पान उलटलं. पहिला प्रश्न वाचला, आणि मुंग्या चालायला लागल्या. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, त्याच मुंग्या. माझा हात वर गेला.

"मी... टॉयलेटला जाऊ?"

फ्राउ ब्रेंडलेंनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "जा. पेपर कुठे जात नाही. कॉफी संपेपर्यंत मी पण कुठे जात नाही."

मी गेले. नळाखाली मनगटं धरली. खिडकी होती, त्यातून पार्किंग दिसत होतं, त्यात आतोबांची गाडी. ते आत बसून भाकरी खात होते. आत्यानं डबा दिला होता. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. ठेचा लागला असावा, नाक पुसत होते. मी बराच वेळ ते बघितलं आणि परत वर्गात गेले. खुर्ची तशीच होती. पेन उघडं होतं. मुंग्या बसल्या होत्या. मी एकेक प्रश्न तीनतीनदा वाचून सोडवला आणि सगळ्यांत शेवटी पेपर दिला. एक चूक. एकच! फ्राउ ब्रेंडलेंनी लाल पेननं बरोबरच्या खुणा केल्या तेव्हा कागदावर खरखर आवाज झाला, तो मी आजही ऐकू शकते.

दुपारची चाचणी म्हणजे त्यामानानं काहीच नाही, असं मला वाटलं. पहिल्या चौकोनातून तीन पुठ्ठे, मॅगझीन बदलत डावीकडच्या लाकडी भिंतीपर्यंत जायचं, तिच्या खिडकीतून आणखी तीन पुठ्ठे आणि दोन पाट्या. इथे वेळेला फारसं महत्त्व नव्हतं, सुरक्षितपणे झालं पाहिजे एवढंच. पीप् वाजली. सहा गोळ्या छान गेल्या. मी डावं पाऊल टाकलं, बटण दाबलं, तीन ठिपक्यांची रिकामी डबी पडली, घसरली, आणि माझा पाय थेट तिच्यावर पडला. बुटाखाली पत्रा वाजला.

पुढचं मी केलं नाही, हातानं केलं. नमस्काराला उजवा हात लागतो. उजव्या हातात पिस्तूल, त्यात नुकतंच भरलेलं मॅगझीन. ते मी डाव्या हातात घेतलं, वाकले, उजव्या हाताची बोटं डबीला लावली आणि कपाळाला नेली. एक सेकंदही लागला नसेल. डाव्या हातातल्या पिस्तुलाची नळी त्या सेकंदात मागे वळून फ्राउ ब्रेंडलेंच्या बुटाकडे बघत होती.

"स्टॉप!"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी जागच्या जागी थिजले. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात एकेक आज्ञा आली, नळी समोर, मॅगझीन बाहेर, रिकामं दाखव, होल्स्टर. सगळं झाल्यावर त्या समोर आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय पडलं होतं तुझं? काय उचलत होतीस?"

मला सांगता येईना. जर्मन सगळी उडून गेली. मी डबीकडे, पायाकडे, कपाळाकडे बोट दाखवत राहिले. मागे दोरीबाहेर उभे असलेले आतोबा तिथूनच बोलले. हिच्या वडिलांची गिरणी आहे, कामाच्या वस्तूला पाय लागला की यांच्याकडे तिची माफी मागतात. फ्राउ ब्रेंडलेंनी सगळं ऐकून घेतलं. बुटाकडे एकदा बघितलं.

"फेरश्टेहे," त्या म्हणाल्या. समजलं. आणि मग, "ट्रोत्सडेम." तरीसुद्धा.

नापास. आतोबांनी एक शब्दानं माझी बाजू घेतली नाही, आणि मी त्यांची त्यासाठी आजन्म ऋणी आहे.

घरी जाताना मी गाडीत रडले. नापास झाल्याचं दुःख नव्हतं तेवढं. मी एका माणसाच्या पायावर भरलेलं पिस्तूल रोखलं होतं. वडिलांनी शिकवलेल्या चांगल्या गोष्टीनं हे झालं, त्यामुळे कुणावर रागवायचं तेही कळेना. घरी आत्यानं सगळं ऐकलं. "आता मी काय करू?" मी म्हटलं. "पाय लागला तर नमस्कार करायचा नाही असं शिकू? बाबांना काय सांगू?"

आत्या कणीक तिंबत होती. ती म्हणाली, "कोण म्हणतं करू नको? नंतर कर."

"नंतर?"

"त्या बाईनं 'रेंज इज क्लिअर' म्हटलं की कर. देव काय टायमर घेऊन बसलाय का?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. गिरणीत नंतर असं काही नसायचं. आतोबांना तिनं जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले, केलरमध्ये गेले, आणि रिकाम्या डब्यांचं खोकं घेऊन आले. सगळ्या डब्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरल्या. म्हणाले, "चाल."

तो हिवाळा मी डब्या तुडवण्यात घालवला. हातात लाकडाचं पिस्तूल, फ्रिजवर पुठ्ठे, पायाखाली पत्रा. पहिल्या आठवड्यात दर वेळी वाकले. आतोबा प्रत्येक वेळी "स्टॉप" म्हणायचे. दुसऱ्या आठवड्यात वाकले नाही, पण गुडघा लचकायचा. जानेवारीत कुठेतरी पाय लागला आणि हात मात्र समोरच राहिला. शेवटी होल्स्टरमध्ये ठेवलं की आतोबा घोगऱ्या आवाजात "रेंज इज क्लिअर" म्हणायचे, आणि मी जमिनीवर बसून एकेका डबीला हात लावायची. वीस-पंचवीस डब्या. "सगळ्यांना मिळून एकच चालणार नाही का?" आत्या विचारायची. नाही चालायचं.

वसंतात परत परीक्षा. लेखी पुन्हा द्यायची नव्हती. या वेळी मी टॉयलेटला जायचं ते आधीच उरकून आले, आणि ते सांगितल्यावर फ्राउ ब्रेंडले पहिल्यांदा हसल्या. तीच मांडणी, तीच भिंत. पावलाखाली डबी येऊ नये म्हणून आतोबांनी खूप शिकवलं होतं, पाऊल आधी टाक, बटण नंतर. पण पीप् वाजली आणि माझ्या पायानं आपलं जुनंच केलं. एक ठिपक्याची डबी, बुटाखाली, तोच आवाज. माझ्या पाठीशी फ्राउ ब्रेंडलेंचा श्वास थांबला. तो मला कानावरच्या संरक्षणातूनही जाणवला.

हात समोर होता. बोट बाहेर, सरळ. मी भिंतीपर्यंत गेले, खिडकीतून तीन पुठ्ठे, दोन गोळ्या, दोन गोळ्या, दोन गोळ्या. एक पाटी पडली. दुसरी चुकली, परत मारली, पडली. रिकामं करून दाखवलं. होल्स्टर.

"रेंज इज क्लिअर."

एरवी हे शब्द आले की मागची सगळी मंडळी गुण मोजायला आणि पुठ्ठ्यांची भोकं चिकटपट्टीनं बुजवायला लगेच पुढे धावतात. तशी ती निघालीही. फ्राउ ब्रेंडलेंनी वळून त्यांच्याकडे तळहात उभा केला. सगळे थबकले. मी मागे चालत आले, डबीशी वाकले, उजवा हात लावला, कपाळाला नेला. बुटाची माती लागली होती, ती ओढणीनं पुसली. कुणी हललं नाही. उठले तेव्हा फ्राउ ब्रेंडलेंनी हात खाली घेतला.

"ज़ो, चला," त्या म्हणाल्या. "आता मोजू या."

संध्याकाळी मिरजेला फोन केला. वडील गिरणीवरून शेजारच्या दुकानात फोनवर आले, मागून पट्ट्याचा आवाज. मी म्हटलं, "बाबा, परीक्षा दिली. पास."  मग त्यांनी विचारलं, "पेपर पूर्ण सोडवलास?" मी म्हटलं, हो. "बरं," ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक थांबलंय सांगून फोन ठेवला. आत्यानं शिरा केला होता. आतोबांनी तीनदा घेतला.

आतोबा गेले, फ्राउ ब्रेंडलेही गेल्या. आता त्या क्लबात टायमर माझ्या हातात असतो. नव्या लोकांना मी नियम सांगते आणि त्यांच्याकडून म्हणून घेते, माझी जर्मन अजूनही वाकडी आहे पण कुणी हसत नाही. फेरी संपते, पिस्तूल होल्स्टरमध्ये जातं, मी "रेंज इज क्लिअर" म्हणते, आणि तरीही दोन श्वासांइतका वेळ कुणी पुढे जात नाही. सगळे उभे राहतात. फ्राउ ब्रेंडलेंनी त्या दिवसानंतर ते तसंच चालू ठेवलं होतं, आधी माझ्यासाठी, मग सवयीनं. आता नव्या मुलांना वाटतं, हे नियमपुस्तकातच आहे. गेल्या महिन्यात एकानं शेजारच्या क्लबातल्या पाहुण्याला तसं ठणकावून सांगितलंसुद्धा. मी ऐकत होते. मी त्याला दुरुस्त केलं नाही.